सुपारी घेतली की शब्द फिरवायचा नसतो: नाट्यगृह व्यवस्थापन समितीला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
सार्वजनिक नाट्यगृह व्यवस्थापन समिती

सविनय नमस्कार.

आपल्या कार्यालयाचं पत्र पोचलं. चारच ओळी आहेत. कार्यक्रम आयोजकांनी ‘अन्यत्र घेतल्यामुळे’ अनामत रक्कम परत मिळणार नाही, आणि ‘अशा स्वरूपाच्या कार्यक्रमास येथे प्रेक्षकवर्ग नसल्याने’ पुढच्या तारखेचा अर्ज विचारात घेता येत नाही. कार्यक्रम अन्यत्र का घ्यावा लागला, ते मात्र त्यात कुठेच नाही. ते मी लिहिते. या पत्राची प्रत आपल्या आवक विभागात देऊन पोच घेतली आहे. बाकीच्यांनीही ते वाचावं अशी इच्छा आहे, कारण नाट्यगृह गावाच्या पैशाने उभं राहिलं आहे आणि तिथल्या तारखा कशा दिल्या जातात, कशा काढून घेतल्या जातात, हे गावाला कळायला हवं.

मी भौतिकशास्त्र शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी आमच्या वाद्यवृंदात दुसऱ्या व्हायोलिनच्या ओळीत बसते. माझं लहानपण भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधलं. रेल्वेच्या नोकरीमुळे तिथे गोव्याची आणि अँग्लो-इंडियन कुटुंबं होती. आमच्या शेजारी एक गोवेकर फिटर राहायचे. शेडमध्ये ग्रीसने काळे झालेले हात संध्याकाळी आधी रॉकेलने, मग साबणाने घासायचे आणि मगच व्हायोलिनची पेटी उघडायचे. मला त्यांनी सारेगम शिकवलं नाही. चार मोकळ्या तारा त्यांच्या पद्धतीने शिकवल्या: सोल, रे, ला, मी. त्यांचं व्हायोलिन आज माझ्याकडे आहे. हे संगीत खानदेशात कालपरवा कोणी हौसेखातर मुंबईहून उचलून आणलेलं नाही, एवढ्यासाठी हे सांगितलं.

आमचा वाद्यवृंद लहान आहे. पहिली व्हायोलिनं, दुसरी व्हायोलिनं, व्हायोला, चेलो आणि एक डबल बास, सगळी मिळून पंधरा-वीस माणसं. अशा संचाला चेंबर ऑर्केस्ट्रा म्हणतात. मानधन कोणालाच नाही, उलट सगळे वर्गणी भरतात. व्हायोलावर एक लोको पायलट आहेत; त्यांची ड्यूटी लागली की आमच्या तालमीची वेळ सरकते. रावेरकडच्या एका केळी बागायतदाराच्या दोन मुली व्हायोलिनवर आहेत. जळगावच्या सराफ बाजारात हिशेब लिहिणारे काका चेलो वाजवतात. डबल बास धुळ्याहून छोट्या हत्तीत येतो, गोधड्यांत गुंडाळलेला, आणि तो वाजवणारा पोरगा मागे हौद्यात त्याला मिठी मारून बसलेला असतो.

आणि लग्नाच्या बँडमधले तिघे आहेत. या वर्षी आम्ही ऑस्ट्रियन रचनाकार हायडनची पंचेचाळिसावी सिम्फनी (वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची रचना) घेतली होती. तिला दोन ओबो आणि दोन हॉर्न लागतात. ओबो आमच्याकडे कुठून येणार? ओबोचे भाग आम्ही दोन क्लॅरिनेटवाल्यांना दिले आणि हॉर्नचं जमेल तेवढं युफोनियमला. बँडची क्लॅरिनेट बी फ्लॅटची असते, त्यामुळे तिच्यासाठी सगळी ओळ एक पूर्ण स्वर चढवून लिहावी लागते. ती मी लिहिली. दोघांतल्या मोठ्या दादांनी कागद पाहिला, हसले, बाजूला ठेवला आणि म्हणाले, ‘ताई, तुम्ही वाजवून दाखवा.’ अख्खा भाग त्यांनी कानाने बसवला. तालमीनंतर चहा पिताना मी विचारलं, कसं वाटतंय? ‘लगीनमा बठ्ठा नाचतंस, आठे बठ्ठा आयकतंस’ (लग्नात सगळे नाचतात, इथे सगळे ऐकतात), एवढंच बोलले.

एरवी आम्हाला कंडक्टर, म्हणजे समोर उभा राहून हातांनी सगळ्यांना इशारा देणारा, नसतो. पहिल्या व्हायोलिनला बसणाऱ्या ताई मान हलवून, बो (वाजवायचा गज) उचलून इशारा देतात आणि आम्ही सुरू करतो. वर्षातून एकदा मात्र बाहेरचा जाणकार कंडक्टर बोलवायचा, हा आमचा रिवाज आहे. यंदा मुंबईहून एक जण आले. फक्त प्रवासखर्च घेतला, मानधनाला नाही म्हणाले, आणि आमच्या एका सदस्याच्या घरी उतरले. (जानेवारीत खानदेशात आलेल्या माणसाला भरीत आणि कळण्याची भाकरी चुकत नाही. त्यांनाही चुकली नाही.)

पाहुण्या कंडक्टरने नेमकं काय केलं, ते थोडं सांगते, म्हणजे तारीख जाण्याने काय गेलं ते लक्षात येईल. कार्यक्रमात इंग्लिश रचनाकार एल्गरची तंतुवाद्यांसाठीची सेरेनेड ही रचना होती. तिची सुरुवात व्हायोलाने होते. एक छोटी, घोड्यावर बसल्यासारखी लय, अगदी हलक्या आवाजात, आणि तिच्यावर मग व्हायोलिनं येतात. आमचे लोको पायलट ती लय इंजिन सुटल्यासारखी वाजवायचे. कंडक्टरनी बाकी सगळ्यांना थांबवलं आणि पंधरा-वीस मिनिटं त्या एकाच आकृतीवर काम केलं. बो तारेवर ठेवून मग ओढा, वरून टाकू नका. टोकाकडच्या चार बोटं भागातच राहा. शेवटची टिप्पणी आम्हाला होती: ‘दुसरी व्हायोलिनं मोजताहेत, ऐकत नाहीत.’ खरं होतं. आम्ही पानावर पेन्सिलीने केलेल्या अप-बो, डाउन-बोच्या निम्म्या खुणा त्यांनी खोडरबरने पुसायला लावल्या आणि नव्या करायला लावल्या. अशी बारीक कामं ज्या जागेत वाजवायचं त्या जागेत करायची असतात, कारण किती हलकं म्हणजे हलकं, हे भिंती ठरवतात. शनिवारी दुपारी नाट्यगृहात तालीम, रविवारी संध्याकाळी कार्यक्रम, असं दोन्हीचं भाडं आणि अनामत भरून आम्ही पावती घेतली होती.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार तारखेची. रविवारचा कार्यक्रम, आणि बुधवारी संध्याकाळी आपल्या कार्यालयातून फोन आला: एक सत्कार समारंभ ठरला आहे, हॉल शनिवार-रविवार लागेल, तुम्ही मंगळवारी सकाळी घ्या. मंगळवारी सकाळी! वाजवणारे नोकरीवर, ऐकणारे नोकरीवर, मुलं शाळेत आणि कंडक्टर मुंबईत परत. आम्ही लेखी मागितलं. ‘लेखी काय द्यायचं, वरून सांगितलंय,’ असं उत्तर मिळालं. वर कोण, ते कळलं नाही.

निवडणुकीचं काम असतं तर आम्ही चकार शब्द काढला नसता. मतदानासाठी इमारत ताब्यात घेण्याचा अधिकार 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात, कलम 160 मध्ये, स्पष्ट दिलेला आहे, आणि तोही लेखी आदेशाने. पूर आला, आग लागली, माणसं आणून ठेवायची आहेत, तर आम्ही स्वतः खुर्च्या हलवायला आलो असतो. पण सत्कारासाठी पावती दिलेली तारीख काढून घेण्याचा अधिकार कुठल्या नियमात आहे, ते मला शोधून सापडलं नाही. समितीने दाखवावा.

आमच्या क्लॅरिनेटवाल्या दादांनी त्या रविवारची लग्नाची सुपारी सोडली होती. जानेवारीतली, लग्नसराईतली. बँडच्या धंद्यात सुपारी घेतली की शब्द दिला. मग दुसरीकडून दुप्पट पैसे येवोत की पुढाऱ्याच्या घरचं लग्न निघो. सुपारी घेऊन बँड आला नाही तर वरात बँडवाल्याच्या दारात येऊन उभी राहते. दादांना मी फोन केला तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘पावती दिली होती ना त्यांनी?’ मी हो म्हटलं. ते काहीच बोलले नाहीत. माझी मात्र मान खाली गेली.

दुसरी तक्रार कागदपत्रांची आहे. तारीख मिळण्याआधी आमच्याकडून काय काय मागितलं गेलं, ते ऐकून वाचकांना गंमत वाटेल, आम्हाला वाटली नाही. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संहिता मंजूर करून आणा, असं सांगण्यात आलं. आमच्या कार्यक्रमात एकही शब्द उच्चारला जात नाही. मग मोझार्टच्या स्वरलिपीची झेरॉक्स जोडू का, असं मी विचारलं. ‘जोडून ठेवा’ असं उत्तर आलं आणि मी खरोखरच जोडली. आपल्या फायलीत आमच्या कार्यक्रमातल्या मोझार्टच्या 1787 सालच्या ‘नाइट म्युझिक’ या रचनेच्या पहिल्या व्हायोलिनची पानं आहेत, समितीतल्या कोणाला वाजवायची असतील तर अवश्य न्यावीत.

मग लाऊडस्पीकरची परवानगी मागितली. आम्ही लाऊडस्पीकर लावतच नाही. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत रात्री दहा ते सकाळी सहा ही बंदीची वेळ आहे, आणि बंदिस्त सभागृहाला त्यातूनही सूट आहे. आमचा कार्यक्रम संध्याकाळचा, बंद दाराआड, मुख्यतः लाकडी वाद्यांचा. तरी पोलीस ठाण्यात दोन वेळा खेपा झाल्या आणि तिथल्या हवालदारांनीच शेवटी ‘स्पीकर नाही तर अर्ज कशाला?’ असं विचारलं. त्यानंतर संगीताच्या हक्कांचं ना हरकत प्रमाणपत्र. आपल्या देशात 1957 च्या कायद्याप्रमाणे रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो. मोझार्ट 1791 मध्ये गेले, हायडन 1809 मध्ये आणि एल्गर 1934 मध्ये. हिशेब कोणीही करावा. हा हिशेब मी अर्जावर लिहून दिला होता. तो वाचला गेला नाही, हे मला कळलं, कारण त्याच पानावर ‘प्रमाणपत्र जोडले नाही’ असा शेरा होता.

तिसरी तक्रार जुनी आहे, थोडक्यात सांगते. गेल्या वर्षी आमचा कार्यक्रम आपल्याच नाट्यगृहात झाला होता. मार्च महिना. मध्यंतरात एसी बंद झाला. तास संपले म्हणाले. आम्ही पूर्ण वेळेचे पैसे भरले होते. हॉल तापला की तारा सैल पडतात, स्वर उतरतो. फुंकवाद्यात उलट होतं: आतली हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो, स्वर चढतो. मध्यंतराआधी 440 हर्ट्झच्या ‘ए’ या स्वराला जुळवलेली वाद्यं मध्यंतरानंतर दोन दिशांना निघाली. अकरावीच्या मुलांना मी हे ध्वनीच्या धड्यात शिकवते, त्या दिवशी मंचावर बसून प्रयोग करून दाखवला. त्याची लेखी तक्रार आपल्याकडे आहे, उत्तर नाही.

नाट्यगृहातल्या कर्मचाऱ्यांबद्दल, विशेषतः लाइट सांभाळणाऱ्या दादांबद्दल, माझी काडीची तक्रार नाही. तेच होते म्हणून गेल्या वर्षी आम्हाला पानावर उजेड मिळाला.

चौथी गोष्ट म्हणजे त्या रविवारी काय झालं ते. गुरुवारी दिवसभर आम्ही जागा शोधली. शाळांची सभागृहं स्नेहसंमेलनांत अडकलेली. शेवटी एका ओळखीच्या गृहस्थांनी लग्नाचं कार्यालय दिलं, दोन लग्नांच्या मधल्या संध्याकाळी, फुकट. त्यांचे उपकार आहेतच. पण ती जागा वाजवायची नव्हे, पंगतीची. वर पत्रा, खाली गुळगुळीत फरशी, चारी बाजूंना ऑइलपेंटच्या भिंती. मी मध्ये उभं राहून एक टाळी वाजवली तर ती तीनेक सेकंद घुमत राहिली. भाषणाला एखाद सेकंदाचा घुमारा पुरे होतो, चेंबर संगीताला दीड सेकंदाच्या आसपास लागतो. त्याहून जास्त झाला की एका स्वराच्या अंगावर पुढचा स्वर पडतो आणि सगळ्याचा काला होतो. माणसं येऊन बसली की अंगं आणि कपडे आवाज शोषतात, थोडा फरक पडतो. पडला. पुरला नाही.

आपल्या नाट्यगृहाचा मंच लाकडी आहे, खालून पोकळ. चेलोच्या बुडाशी एक लोखंडी टोक असतं, ते फळीत रुततं आणि फळीही त्याच्याबरोबर वाजायला लागते. फरशीवर ते टोक घसरतं. सराफ बाजारातल्या काकांनी काथ्याचं पायपुसणं टाकून त्यात ते रोवलं. पंख्यांनी पानं उडत होती म्हणून आमच्यातल्या एकीने घरून कपडे वाळत घालायचे चिमटे आणले. एल्गरच्या वेळी कंडक्टरनी पंखे बंद करायला लावले, कारण व्हायोलाची ती लय, जिच्यावर तालमीत एवढी मेहनत घेतली होती, पंख्यांच्या घरघरीत बुडत होती. पंखे थांबले तर मागून भटारखान्यातली पातेली ऐकू येऊ लागली. दुसऱ्या दिवशीच्या लग्नाची तयारी; त्यांचंही काम होतं. मोझार्टच्या दुसऱ्या भागात बाहेरून वरात गेली. कंडक्टरनी हात खाली घेतले, आम्ही बो मांडीवर ठेवले आणि सगळे मिळून वरात पुढे जायची वाट पाहत बसलो. क्लॅरिनेटवाल्या दादांनी नुसत्या आवाजावरून पार्टी कोणाची ते सांगितलं, आणि समोरच्या रांगेत हशा पिकला. पाहुणेही हसले. पण मी त्यांचा चेहरा पाहत होते. दिलेला शब्द न पाळणारं गाव म्हणून आम्ही त्यांच्या लक्षात राहिलो असणार.

शेवटी हायडन. हा कार्यक्रम आम्ही कितीतरी महिने आधी ठरवला होता, आपला फोन यायच्या खूप आधी, त्यामुळे आम्ही मुद्दाम काही केलं असा गैरसमज नसावा. ही सिम्फनी 1772 सालची आहे. हायडन हंगेरीतल्या एस्टरहाझी घराण्याचे नोकर होते. राजेसाहेब निकोलाउस यांनी उन्हाळ्याच्या वाड्यातला मुक्काम लांबवत नेला, वादकांची बायकापोरं दूर आयझेनश्टाटला. वादक हायडनकडे आले. हायडननी अर्ज लिहिला नाही, सिम्फनी लिहिली. शेवटच्या भागात वेगवान संगीत अचानक थांबतं, संथ सुरू होतं, आणि एकेक वादक आपला वाटा संपवून मेणबत्ती विझवतो आणि उठून जातो. शेवटी दोन व्हायोलिनं उरतात. राजेसाहेबांना कळायचं ते कळलं, आणि दुसऱ्या दिवशी मंडळी घरी निघाली, असं सांगतात. आमच्याकडे मेणबत्त्या नव्हत्या, मोबाइलचे दिवे बंद केले. बासवाला पोरगा उठून जायला लागला तेव्हा मागच्या रांगेतले एक आजोबा काळजीने म्हणाले, ‘अरे, याची गाडी चुकतीये का?’

राजेशाहीत एका संध्याकाळीत सुटलेला प्रश्न आपल्याकडे चार ओळींच्या पत्रावर थांबला आहे.

आणि आता त्या पत्रातल्या प्रेक्षकवर्गाकडे येते, कारण अनामत परत न देण्यापेक्षा मला ते वाक्य जास्त लागलं.

प्रेक्षक नाही, हे आपण कशावरून ठरवलं? त्या रविवारी जागा बदलल्याचा निरोप आम्ही फोनवरून आणि नाट्यगृहाच्या फाटकावर एक माणूस उभा करून दिला. तरी त्या लग्नाच्या कार्यालयातल्या खुर्च्या संपल्या. लोक पंगतीच्या बाकांवर बसले, पोरं पायऱ्यांवर. बँडवाल्या दादांच्या गल्लीतून दोन रिक्षा भरून माणसं आली होती, ‘आमचा माणूस बसून वाजवणार’ हे पाहायला. लग्नात तो चालत वाजवतो, लोक पाठमोरे नाचत असतात.

हे संगीत परकं आहे, असं समितीतल्या एका सदस्यांनी आमच्या एका सहकाऱ्याला तोंडी सांगितलं. मग क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि युफोनियम कुठली? युरोपातून लष्करी बँडबरोबर आलेली ही वाद्यं आज खानदेशातल्या कुठल्याही गावात वरातीपुढे वाजतात आणि कोणी त्यांना परकं म्हणत नाही. व्हायोलिन तर दक्षिणेत जाऊन कर्नाटक संगीताचं झालं. हार्मोनियमशिवाय आपलं नाट्यगीत उभं राहत नाही आणि हार्मोनियमही युरोपाकडूनच आली. वाद्यं आपली झाली, त्यांच्यासाठी लिहिलेलं संगीत तेवढं परकं, हा हिशेब मला जुळत नाही.

ही मोठ्या शहरातल्या सुखवस्तू लोकांची हौस आहे, असंही म्हणतात. एल्गर वुस्टर नावाच्या लहान शहरातल्या वाद्यांच्या दुकानदाराचा मुलगा. वडील घरोघर जाऊन पियानो सुरात लावायचे. एल्गर स्वतः व्हायोलिनच्या शिकवण्या करायचे, आणि तरुणपणी काही वर्षं तिथल्या मनोरुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांच्या बँडचे प्रमुख होते. गावातल्या हौशी वादकांना बरोबर घेऊन त्यांनी सुरुवात केली. आमच्यासारखीच माणसं.

खानदेशात प्रेक्षक नाही, हे मुंबई-पुण्याकडच्या लोकांकडून ऐकायची सवय आहे. जळगावला बालगंधर्वांच्या नावाने संगीत महोत्सव भरतो, अमळनेरला 2024 मध्ये साहित्य संमेलन झालं, माणसं आली, बसली, ऐकलं. तरी बाहेरच्यांना पटत नाही, तर तो त्यांचा दोष. पण आपल्याच गावच्या समितीच्या लेटरहेडवर हे वाक्य यावं? आणि पटत नसेल तर मोजणी करा की. नाट्यगृहात आमचा कार्यक्रम होऊ द्या, दाराशी माणूस बसवा, डोकी मोजा.

आम्हाला दुसऱ्या कोणाची तारीख नको आहे. नाटक व्हावं, लावणी व्हावी, शाळेचं गॅदरिंग व्हावं, सत्कारही व्हावेत. ज्यांनी काम केलं त्यांचा सत्कार करायलाच हवा. फक्त त्यांनीही आमच्यासारखं आधी येऊन, रजिस्टरमध्ये मोकळी तारीख बघून, पैसे भरून पावती घ्यावी.

मागण्या अशा आहेत:

1. आमची अनामत रक्कम आणि शनिवार-रविवारचं भाडं पूर्ण परत मिळावं. कार्यक्रम आम्ही रद्द केलेला नाही.

2. ‘प्रेक्षकवर्ग नसल्याने’ हा शेरा समितीने लेखी मागे घ्यावा. तो फायलीत राहिला तर उद्या सतारीच्या, सनईच्या कार्यक्रमालाही कोणी तोच लावेल.

3. पावती दिलेली तारीख निवडणूक, आपत्ती किंवा इमारतीतला धोका याखेरीज कोणत्याही कारणाने बदलू नये, आणि या कारणांनीही बदलायची झाली तर लेखी आदेशाने, कारण आणि सही यांसह. फोन चालणार नाही. सत्कार कोणाचाही असो.

4. तारखांचं रजिस्टर नाट्यगृहाच्या दर्शनी भागात लावावं, दर महिन्याला. कोणती तारीख कोणाला, कधी दिली, कधी बदलली, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू द्या.

5. कोणत्या प्रकारच्या कार्यक्रमाला कोणते कागद लागतात याची एका पानाची यादी, नियमाच्या उल्लेखासह, छापून द्यावी. लाऊडस्पीकर नसलेल्या कार्यक्रमाकडे लाऊडस्पीकरची परवानगी आणि शब्द नसलेल्या कार्यक्रमाकडे संहिता मागायची असेल, तर कोणत्या नियमाखाली, तेही त्यात लिहावं.

6. एसीचे पैसे घेतले की एसी चालू राहावा. याहून जास्त काही लिहिण्यासारखं त्यात नाही.

7. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी नाट्यगृह कुलूपबंदच असतं. त्या वेळात स्थानिक हौशी संस्थांना, आमच्याप्रमाणेच एकांकिकावाल्या पोरांनाही, तालमीसाठी ते कमी दरात मिळावं. वीज आम्ही आमच्या खर्चाने भरू.

8. येत्या डिसेंबरमधला एक रविवार आणि त्याआधीचा शनिवार आम्हाला रीतसर मिळावा. पाहुण्या कंडक्टरना आम्ही विचारलं आहे. त्यांनी पुन्हा यायला होकार दिला, मात्र या वेळी त्यांनीही पावतीचा फोटो मागितला आहे.

गेल्या वर्षभरात पावती दिल्यानंतर किती तारखा बदलल्या आणि कोणासाठी, याची माहिती मी माहितीच्या अधिकाराखाली स्वतंत्र अर्जाने मागितली आहे. 2005 च्या कायद्याप्रमाणे तिचं उत्तर 30 दिवसांत यायला हवं. आलं नाही तर अपील करीन, त्याची फी आणि कागद तयार आहेत. डिसेंबरच्या तारखेचा अर्ज या पत्रासोबत जोडला आहे. नाव, तारीख, वेळ, वाद्यांची यादी सगळं भरलेलं आहे. ‘ध्वनिक्षेपक’ या रकान्यात ‘नाही’ असं ठळक लिहिलं आहे.

आपली नम्र,
दुसऱ्या व्हायोलिनच्या ओळीतली एक वादक,
वाद्यवृंदातल्या सर्वांच्या संमतीने